तिसऱ्या खणातले कच्चे टाके

बा, आधीच सांगून ठेवते, शुद्धलेखन चुकन आन टाईप हळू होईन. मी अजून दोन बोटानंच मारते. क्लासातल्या बाईनं दहाही बोटं शिकवले होते, पण दिवाणजी मांगं येऊन उभे राह्यले का माहे आठ बोटं आपोआप मिटते. ऱ्हस्व-दीर्घ मले सातवीतही येत नव्हतं, आन सातवीच्या पुढं मी गेलीच नाही, थे तुले माईत नाही. तू गेला तवा मी सातवीत होती, त्याच्या पुढच्या महिन्यात मायनं दप्तर खुटीले टांगलं, थे टांगेलच राह्यलं. दुसरं म्हणजे या मशीनचा ट वर उडते. कोणताही कागद पाय, सगळे अक्षरं ओळीत आन ट एकटाच वर. या कापसाच्या जिनातून आलेलं पत्र सारं पुसद त्या टवरून ओळखते. तुले लिहाचं म्हणजे ट लय लागन. तूही बोट ठेवून एकेक अक्षर वाचे, म्हणून हळू झालं तं बरंच हाये.

हातानं लिहिलं असतं, पण घरी माय पाहते. तिले वाचता येत नाही, पण मी काय लिहून राह्यली थे तिले माह्या तोंडावरून समजते. अठी टकटक आयकू आली का खालच्या लोकायले वाटते पोरगी काम करून राह्यली.

मी जठी बसली हाये तठून मले उठता येत नाही. दार उघडं हाये, समोर जिना दिसते, पण मधात तिसरा खण हाये. तूच बांधलेला मजला, पण तवा अठी काहीच नव्हतं, म्हणून सांगते. दाराच्या भिंतीपासून पहिल्या खांबापर्यंत एक खण, त्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत दुसरा, आन तठून या मागच्या भिंतीपर्यंत तिसरा. माहा टेबल या मागच्या भिंतीले लागून, खिडकीजवळ. तिसऱ्या खणाच्या मधात आता खडूची रेघ मारेल हाये. रेघेच्या आत पाय ठेवाचा नाही. सकाळी भिंतीले पाठ लावून सरकत सरकत यायचं, संध्याकाळी तसंच जायचं, मधात पाण्यालेही उठाचं नाही. टेबल तिकडे काहून नेत नाही, तं मशीन उचलाले दोन माणसं लागते आन दोन माणसं या खणात याले तयार नाहीत. दिवाणजी म्हणले, तू हलकी हाये, तू बस तठीच. खाली लाकडाच्या बल्ल्यायचे टेकू लावले हायेत. टेकू लावले म्हणजे भेव नाही म्हणते. पण भेव नाही तं रेघ काहून मारली, थे कोणी सांगत नाही, आन मी इचारत नाही. तुले माहा सभाव माईत हाये.

आता मले आपला सैपाक दिसून राह्यला. चूल इझेल हाये, राख गरम हाये, आन माय चुलीजवळ पाय पसरून गोधडी शिवून राह्यली. तू जिनाच्या कामावरून आला. मायनं इचारलं, आज काय केलं. तू म्हणला, गर्डरवर लोखंडाच्या खुट्या उभ्या केल्या, इतभर इतभर, वर टोपी असलेल्या. माय म्हणली, घोडे बांधता का काय वर. तू हासला आन तिच्या हातातली गोधडी घेतली. अर्धी शिवून झालती, अर्धी नुसती घडी घालून ठेवेल होती. न शिवलेल्या भागावर तू तळवा ठेवला आन सरकवला. वरचं लुगडं तिकडे गेलं, खालचं धोतर जाग्यावरच राह्यलं. मंग शिवलेल्या भागावर ठेवला, दोनी कपडे संगच हालले. तू म्हणला, खाली लोखंडाचा गर्डर, त्याच्यावर नालीदार पत्रा, त्याच्यावर काँक्रीट. गर्डरही मजबूत, काँक्रीटही मजबूत, पण मधात टाका नसला का बोजा आल्यावर दोघं आपापलं वाकते. एकमेकावरून घसरते.

मले समजलं नाही, म्हणून तू माहं पाचवीचं पुस्तक घेतलं. दोनी हातात आडवं धरून वाकवलं. मी पाहून राह्यली तं पुस्तकाच्या दोनी कडा जिन्यासारख्या झाल्या, एक पान दुसऱ्याच्या पुढं सरकलं. पुस्तकाच्या मधात मात्र पानं जाग्यावरच होते. मंग तू दोनी कडा चिमटीत घट्ट धरल्या आन म्हणला, आता वाकव. मी दोनी हातानं दाबलं. पुस्तक फळी झालतं. माय गोधडी ओढून घेत म्हणली, "मंग कडेला दाट घाला ना, मधात इरळ चालते. आमी तसंच घालतो." तू तिच्याकडे पाहतच राह्यला. नागपूरच्या इंजिनिअर सायबानं नकाशात तसंच काढलं होतं, भिंतीजवळ दाट आन मधात इरळ, आन तुले थे पाठ होतं पण काहून थे माईत नव्हतं. त्या दिवसापासून तू खुट्यायले टाके म्हणाले लागला.

शाळेले सुट्टी असली का मी तुहा डबा घेऊन येत जाय. या जागेवर, जठी माहा टेबल हाये, तठी तवा उघडी भिंत होती आन आभाळ दिसे. तू पत्र्याले भोक पाडे, खालचं लोखंड घासून चकचकीत करे, मंग टाका उभा करून त्याच्या बुडाभोवती चारीकडून वेल्डिंग करे. पत्र्यावरून केलं तं त्याच्यावरचं जस्त मधात येते आन लोखंड लोखंडाले धरत नाही म्हणे. पाहू नको म्हणलं होतं तरी मी एक दिवस त्या उजेडाकडे पाह्यलंच. संध्याकाळी डोळ्यात रेती भरल्यासारखं झालं. मायनं कच्च्या आलूच्या चकत्या ठेवल्या डोळ्यावर. तू मारलं नाही, नुसतं म्हणला, "डोळे गेले तं कशानं वाचशीन? आपल्या घरात एकच माणूस वाचाले हाये." मी चकत्यायखाली रडली. तू पुस्तकावर बोट ठेवून वाचे, पण सोताले वाचणाऱ्यात धरे नाही.

दुसऱ्या दिवशी तू मले थो वाकडा टाका आणून देला. तू दर दहा-बारा टाक्यायमधून एकाले हातोडा मारे. वाकला पण बुडातून सुटला नाही तं पास. बुडातून सुटला तं नापास, पुन्हा करे. हा तुकडा तू शिकताना एका पट्टीवर लावून पाह्यला होता, थो पट्टीसकट कापून देला. मी म्हणली, वाकडा काहून देला, सरळ दे ना. तू म्हणला, "सरळ तं कोणीही दिसते. हा मार खाऊन बसला हाये." आता थो माह्या टेबलावर कागदायवर राह्यते. दिवाणजीले थो कचरा वाटते, त्यायनं दोनदा फेकाले सांगतलं.

कामावरच्या मुकादमानं तुह्या बोलण्याची मजाक केली, तुले शिंपी म्हणाले लागला. "ओ शिंपी, किती टाके झाले आज?" सगळे हासत, तूही हासे. पण हासता हासता साऱ्यायच्या तोंडी थोच शबुद बसला. मिस्त्री टाके म्हणे, गिट्टी वाहणाऱ्या बाया टाके म्हणत, आखरीले नागपूरचे सायबही टाके म्हणाले लागले. तुले लय बरं वाटलं होतं. घरी येऊन मायले सांगतलं, तुहा शबुद सायबानं घेतला. माय म्हणली, मंग आता सायबाच्या घरच्या गोधड्याही मीच शिवते. शबुद आपला असला तरी दुसऱ्याच्या तोंडी गेला का आपला राह्यत नाही, थे आपल्याले तवा माईत नव्हतं.

दोन खण पक्के झाले. तिसऱ्या खणाले काड्या कमी पडल्या. वेल्डिंगच्या काड्या नागपूरहून एसटीनं येणार होत्या, आल्या नाही. मुकादम म्हणला, शिंपी, आज नुसते टाके मारून ठेव, उभे तं दिसू दे, उद्या पुरं करजो. म्हणजे एकेका खुटीले बुडाशी एक ठिपका, पडू नये इतकाच. मायही तसंच करते, शिवायच्या आधी मोठे मोठे टाके घालते कपडा हालू नये म्हणून, त्याले कच्चे टाके म्हणते, आन शिवून झालं का थे उसवून टाकते. तुहाही थो कच्चाच टाका होता. तू साऱ्या खणाले घातला आन उद्याच्या भरवशावर घरी आला.

सकाळी आपण दोघं एसटी स्टँडवर गेलो, मले सुट्टी होती. गाडी उशिरा आली. काड्यायचा गठ्ठा तू खांद्यावर घेतला आन आपण जिनात आलो, तं वर माणसंच माणसं. टोपल्या हातोहाती चालल्या होत्या. शिमिट आलं होतं, आभाळ भरून आलं होतं, मुकादमानं सकाळीच काम सुरू केलं होतं, आन थेही या मागच्या भिंतीकडून. नंतर आयकलं का सायबानं इचारलं होतं, टाके झाले का सगळे. मुकादम म्हणला, झाले सायेब, काल संध्याकाळीच मारले. त्याचं खोटं नव्हतं. तू टाके मारलेच होते.

मुकादम नारळाचा तुकडा घेऊन तुह्यापुढं आला. म्हणला, हात जोड आन कुंकू लाव तुह्या त्या वेल्डिंगच्या इंजिनाले, सगळ्यायनं जोडले. तू हळूच म्हणला का आमी दीक्षा घेतली, मी हात नाही जोडत, तुमी जोडले तं माही काही ना नाही. तू लय हळू बोलला होता पण टोपल्या थांबल्या. मुकादम म्हणला, "लोखंडाले लोखंड जोडते आन देवाले हात जोडत नाही." सगळे हासले. मी तुह्या मांगं होती, मले वाटलं सारे मलेच पाहून राह्यले. तवाच तुही नजर भिंतीकडे गेली. काल लावलेल्या खुट्यायच्या रांगा काँक्रीटखाली चालल्या होत्या, एकेक टोपी बुडून राह्यली होती. तुही मान ताठ झाली. पण तू काही बोलला नाही. गठ्ठा खाली ठेवला, आन आपण घरी आलो.

घरी तू जेवला नाही. माय पाण्याले गेली तवा तू मले जवळ बसवलं आन म्हणला, "तिसऱ्या खणातले टाके कच्चे हायेत. तुले माईत असू दे." इतकंच. तुले माईत असू दे. मी त्याचा अर्थ लावला का कोणाले सांगू नको. मी सातवीतही चूप राह्यली, तू तापानं गेला तवाही चूप राह्यली, तुह्या नावावर जिनाच्या शेठजीनं मले अठी टायपिंगवर बसवलं तवाही चूपच बसली. लोकं म्हणे पोरगी लय शांत हाये. मी कुलूप होती, बा. सहा वर्सं माह्या टेबलाखाली थे टाके आन माह्या पोटात तुहा शबुद.

आतापर्यंत वरच्या मजल्यावर रिकामे बारदान, जुने कागद आन मीच होती. थ्या वजनाले गर्डर एकटाही पुरे. औंदा कापूस जास्त आला, खालचं गोदाम भरलं, तवा शेठजी म्हणले, रुईच्या गाठी वर चढवा. पहिला खण भरला, दुसरा भरला, काही झालं नाही. तिसऱ्या खणात पहिली रांग लागली तवा माही पेन्सिल टेबलावरून पडली आन खणाच्या मधाकडे गडगडत गेली. मी उचलून पुन्हा ठेवली, पुन्हा गडगडली. दुसऱ्या खणात ठेवून पाह्यली तं जाग्यावर राह्यली. दुसरी रांग लागली तवा आवाज आला, कट. गुंडी तुटल्यासारखा. मधातून नाही आला, अठून, माह्या पायाजवळून, भिंतीच्या कडेनं आला. मले पाचव्या वर्गातलं पुस्तक दिसलं. कडा सरकते, मध नाही सरकत.

आन खाली माय बसे. मी अठी लागल्यावर तीही जिनात कापसातला कचरा काढाले याले लागली. या खणाच्या खाली खिडकीचा उजेड पडते म्हणून साऱ्या बायायमधून तिनं नेमकी हीच जागा धरली. मी वरून टाच आपटली का खालून तिचा आवाज येते, काय व, भूक लागली का. जेवाचा इशारा होता आमचा थो. त्या दिवशी मले टाच आपटाचं भेव वाटलं.

मी पहिले मुकादमाकडे गेली. थोच मुकादम, बा. काम झाल्यावर शेठजीनं त्याले गोदामावर ठेवून घेतलं. केस पांढरे झाले. मी जिन्यात उभी राह्यली, तीन वेळा वर-खाली केलं, तवा थोच म्हणला, "काय व शिंप्याची, आज तोंड उघडते का?" मी म्हणली, काका, तिसऱ्या खणात गाठी नका ठेवू, टाके कच्चे हायेत. त्यानं बिडी इझवली. कोण म्हणे, त्यानं इचारलं. बा म्हणे. कवा म्हणे. शिमिट टाकलं त्याच दिवशी. मंग थो म्हणला,

"मी म्हणलं टाके मार, त्यानं मारले. सायबानं इचारलं, मी झाले म्हणलं. आता टाका म्हणजे टाका, पोरी, त्याच्यात कच्चा आन पक्का मले काय माईत? मी शिंपी नाही. चूप बस. तुही मायही त्याच छताखाली पोट भरते."

म्हणूनच तं, मी म्हणली, पण मनात. थो गेला तरी मी जिन्यातच होती.

मंग मले वाटलं शेठजीले निनावी कागद लिहावा. टाईप करून खिडकीतून आत टाकावा. अर्धा कागद टाईप केला तवा ध्यानात आलं, ट. टाके लिहिलं का ट वर उडणार आन सारं पुसद ओळखणार. हातानं लिहिलं तं दिवाणजीले माहं अक्षर माईत. मी थो कागद चावून गिळला. हासू नको.

तिसरी रांग आणाले हमाल आले त्या दिवशी मी काही ठरवलं नव्हतं. गाठ दारात दिसली आन मी उठून खणाच्या मधात जाऊन खाली बसली, गाठ ठेवाच्या जाग्यावर. हमाल म्हणले, बाई, सरक. मी सरकली नाही. त्यायले वाटलं मले चक्कर आली. दिवाणजी आले, उठ व पोरी, काय झालं, पाणी पाह्यजे का. सारे मले पाहून राह्यले होते, गाठ दारात अडकली होती, आन मी जमिनीकडे पाहून राह्यली होती. माह्या मुठीत तुहा वाकडा टाका होता, कवा उचलला थे ठाव नाही. थो मी खाली ठेवला आन म्हणली, "असे खाली हायेत. दोन खणातले पक्के, या खणातले नुसते टेकवेल. माह्या बानं सांगतलं. माही माय खाली बसली हाये."

सहा वर्सायमधलं थे माहं सगळ्यात मोठं बोलणं. दिवाणजी चिडले नाही. त्यायनं हमालायले च्या प्याले पाठवलं, एकाले खाली पाठवलं बायायले हालवाले. साऱ्या उठल्या, माय उठेना. माहा कापूस अर्धा राह्यला म्हणे. आखरीले तिले हाताले धरून उठवलं तवा ती वर आली, मले मधात बसेल पाह्यलं, आन सगळं आयकलं. घरी गेल्यावर म्हणली, "त्याच्या नावावर तुले खुर्ची भेटली. आन तू त्याचंच नाव घेतलं." मी म्हणली, माय, तू खाली होती. ती म्हणली, मले सांगती तं मी जागा बदलली असती. बाकीच्या बाया, मी म्हणली. मंग ती चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी गाठी काढल्या, टेकू लावले, आन मुकादमालेच छिन्नी देली. त्यानं माह्या टेबलाजवळ, भिंतीच्या कडेले, हातभर काँक्रीट फोडलं. सारे पहिल्या-दुसऱ्या खणात उभे होते. मले वाटून राह्यलं होतं, पक्का निंगू दे. मले खोटी पडू दे, हासू दे सगळ्यायले, नोकरी गेली तं जाऊ दे. टोपी दिसली, मंग खुटी दिसली, सरळ, काल लावल्यासारखी. मुकादमानं हातोडा मारला. एकच. वाकली नाही, बुडातून सुटली आन पेन्सिलीसारखीच खणाच्या मधात गडगडत गेली.

मंग मांगून एक हमाल म्हणला, हात नाही जोडला ना त्यानं त्या दिवशी. बाकीच्यायनं माना हालवल्या. मुकादमाच्या हातात हातोडा होता. मले वाटलं थो आता खरं काय थे सांगन. थो मधात गेला, खुटी उचलली, माह्या टेबलावर तुह्या टाक्याजवळ आणून ठेवली, आन जिना उतरून गेला. आता दोनी माह्यापुढं हायेत. एक वाकडा, एक सरळ. एखादा माणूस भिंतीनं सरकत येते आन सरळ उचलून म्हणते, हा तं चांगला दिसते.

मंग दिवाणजीनं सायबाले पत्र सांगतलं. मी टाईप केलं. तिसऱ्या खणातील टाके कच्चे आढळले. सदर दोष तत्कालीन कारागिराच्या हलगर्जीपणामुळे राहिला. तत्कालीन लिहाले मले तीनदा खोडा लागलं. कारागिराच्या ठिकाणी तू होता, बा, आन थे माह्या दोन बोटानं लिहिलं. मुकादमाचं नाव त्याच्यात नाही, काड्या आल्या नव्हत्या थे नाही, कोणी काय इचारलं आन कोणी काय समजलं थेही नाही. दिवाणजीले सांगता आलं असतं. थे मांगं भिंतीले चिकटून उभे होते, माहे आठ बोटं मिटेल होते.

आता एक गोष्ट राह्यली. थे कोणालेच माईत नाही, मायलेही नाही, मुकादमालेही नाही. म्हणून तुले लिहाले बसली, आन इतके पानं झाले तरी तिच्यापर्यंत येत नव्हती. त्या दिवशी टोप्या बुडताना तुही मान ताठ झाली, तवा तू चूप नव्हता. तू तोंड उघडलं होतं. सायेब, इतकं म्हणलाही होता. सायबानं आयकलं नाही, लांब होते. तू पुन्हा म्हणणार होता. सारे आताच हासले होते, मले वाटलं आता पुन्हा हासन, पुन्हा मले पाहन. मी तुह्या सदऱ्याचं टोक धरलं आन ओढलं. चाल ना बा घरी, म्हणली. तू माह्याकडे पाह्यलं. मंग गठ्ठा खाली ठेवला.

सारं पुसद म्हणते तू चूप राह्यला. म्हणू दे, असं मी काल दिवसभर म्हणून पाह्यलं. तुले माईत असू दे, थे तू मले काहून सांगतलं थे आता वाटते समजलं, येळेवर कोणीतरी बोलावं म्हणून, पण सदऱ्याचं सांगाले मले अजून तोंड नाही. थे फक्त या कागदावर हाये. कागद काढाले गेली तं दिसलं, सवयीनं दर पानामांगं कार्बन लावेल होता, म्हणजे याची नक्कल निंगाली. दिवाणजी दर नक्कल फाईलले लावते. कोणाले पाठवलं, थो रकाना कोराच राहीन.

काल दुपारी आपली बकरी व्याली. दोन पिल्लं हायेत, एक काळं, एक निरा पांढरं. पांढरं अजून उभं राह्यत नाही.